चॉईस फिलिंग कुणाचं?

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी माझं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. मुलीची इंटर्नशिप संपत आली. नीट-पीजीची (पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची) रँक अशी आहे की पीडियाट्रिक्स (बालरोगशास्त्र) सहज मिळेल. पण तिला पॅथॉलॉजी (पेशी आणि ऊती तपासून निदान करणारी शाखा) घेऊन मुलांच्या हॉस्पिटलात काम करायचंय आणि शिकवायचंय. एवढी रँक मायक्रोस्कोपवर वाया घालवायची? तिच्या आईला मात्र पटलंय, 'ठरलेल्या वेळेची निवांत शाखा' म्हणून. प्रवेशासाठी कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम भरायचाय; ते चॉईस फिलिंग मीच करणार आहे. तिला समजवा.

उत्तर : डॉक्टर, रँकचं नंतर बघू. मी अडकलो ते 'चॉईस फिलिंग मीच करणार आहे' या वाक्यावर. रात्री दोनला लेबर रूममध्ये उभी राहणारी, कॅज्युअल्टीत नातेवाइकांची बोलणी खाणारी मुलगी स्वतःचा फॉर्म भरू शकत नाही? लॉगिन आणि पासवर्ड आजच्या आज तिच्या हातात द्या. तुम्ही क्रम बदललात आणि तिला नको ती सीट लागली, तर तीन वर्षं रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं पदव्युत्तर प्रशिक्षण) ती करणार आहे, तुम्ही नाही. रेसिडेन्सी मनाविरुद्ध कशी निघते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

रँक म्हणजे पाचशेची नोट नव्हे, की सुट्टे परत मिळणार नाहीत म्हणून त्याच किमतीचं काहीतरी घेऊन टाकायचं. आणि खरा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलेलाच नाही : हॉस्पिटल पुढे कोण चालवणार? तो तिला सरळ विचारा. उत्तर 'मी नाही' असं आलं, तर पगारी बालरोगतज्ज्ञ ठेवता येतो, भागीदार घेता येतो. रँकच्या आडून हा विषय काढू नका.

आता वहिनींचं 'निवांत'. हा गैरसमज डॉक्टरांच्या घरातही असावा, याचं नवल वाटलं. हिर्शस्प्रंगचं, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेलच : पहिल्या दोन दिवसांत शी नाही, पोट फुगलेलं. तुम्ही ते मोठ्या हॉस्पिटलात पाठवता, तिथे बायोप्सीने निदान होतं. पुढे ऑपरेशनच्या वेळी सर्जन आतड्याच्या भिंतीचा बारीकसा तुकडा काढून पाठवतो आणि थांबतो. बाळ भुलीखाली. तो तुकडा क्रायोस्टॅटमध्ये (गोठवून पातळ काप घेण्याच्या यंत्रात) गोठवायचा, काप घ्यायचे, रंगवायचे आणि वीस-पंचवीस मिनिटांत सांगायचं की इथे गँग्लियन पेशी (आतड्याची हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी) आहेत की नाहीत. आतडं कुठून कापायचं आणि कुठे जोडायचं, ते या उत्तरावर ठरतं. निरोगी आणि बाधित आतड्याच्या मधल्या संक्रमणाच्या पट्ट्यातल्या चार पेशी बघून कुणी 'आहेत' म्हटलं, तर जोडलेलं आतडं नीट चालत नाही आणि बाळ पुन्हा टेबलावर येऊ शकतं. कॅन्सरच्या गाठींचंही तसंच. न्यूरोब्लास्टोमा, रॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोमा, सगळ्यांच्या पेशी लहान, गोल, निळ्या. उपचार मात्र प्रत्येकाचे निराळे. वेळा बऱ्याचशा ठरलेल्या असतात, हे वहिनींचं खरं. निवांतपणा मात्र तिथे नाही.

'पॅथॉलॉजिस्ट पेशंट बरा करत नाही' हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मध्ये ते आहे. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलातला सिडनी फार्बर हा पॅथॉलॉजिस्टच होता. ल्युकेमियाने (रक्ताच्या कॅन्सरने) गेलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांत बरीच वर्षं घालवलेला हा माणूस १९४७ मध्ये वॉर्डात उतरला आणि मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊ लागला. ते लेडर्ली या औषधकंपनीत बनलेलं, जिथे संशोधनाची धुरा आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव या जीवरसायनशास्त्रज्ञाकडे होती. १९४८च्या शोधनिबंधात सोळा मुलांपैकी दहांमध्ये सुधारणा नोंदली आहे. सुधारणा तात्पुरतीच होती, पण मुलांच्या ल्युकेमियावरची केमोथेरपी तिथून सुरू झाली. तुमची मुलगी फार्बर होईल असं मी म्हणत नाही. ही शाखा वॉर्डाच्या बाहेरची नाही, एवढंच.

वाट तुम्हाला ठाऊक आहे : तीन वर्षं एमडी, सीनियर रेसिडेन्सी, मग असिस्टंट प्रोफेसर, मुलांच्या पॅथॉलॉजीसाठी मध्ये कुठेतरी फेलोशिप.

तिच्यासाठीही कडू आहे थोडं. स्वतःची लॅब टाकणारे तिचे वर्गमित्र पैशात तिच्या पुढे जातील. फक्त मुलांचीच पॅथॉलॉजी करता येईल अशा जागा आपल्याकडे मोजक्या. त्या मुंबईसारख्या शहरांत, तुमच्या गावाजवळ नाहीत. बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या पित्ताशयांच्या आणि गर्भाशयांच्या ढिगातून तिला मुलांची स्लाइड शोधावी लागेल. ग्रॉसिंगच्या (आलेला अवयव कापून तपासणीचे तुकडे निवडण्याच्या) टेबलाशी तासन् तास फॉर्मॅलिनच्या वासात उभं राहणं जमतं का, हे आधी बघावं. इंटर्नशिपचे दिवस उरले असतील तर दोन आठवडे तिथे काढू दे. तिथून ती पीडियाट्रिक्सकडे वळली तरी हरकत नाही, पण ते तिचं वळणं असेल.

आणि कॉलेज निवडताना नुसतं नाव बघू नका. बालशल्यचिकित्सा विभाग आहे का, मुलांच्या कॅन्सरच्या केसेस तिथेच राहतात की पुढे पाठवतात, गर्भाचं शवविच्छेदन होतं का, हे तिने तिथल्या रेसिडेंटना फोन करून विचारावं. क्रायोस्टॅट 'आहे का' असं न विचारता 'चालू आहे का' असं विचारावं.