जिनिंगच्या आगीत नवरा जखमी, हातात सहा लाख: प्लॉट घ्यायचा का?

धरणगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मिस्टर जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) कामाला, रुईने पेट घेतला आणि शेडचं छत अंगावर आलं, मांडीचं हाड मोडलं म्हणून प्लेट टाकली, उजवा हात भाजला तिथे कातडी लावली. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं, वरून सहा लाख दिले. आता जखमा भरल्यात आणि जेठ म्हणताहेत जळगावला साडेपाच लाखात प्लॉट आहे, घेऊन टाका, नाहीतर पैसे असेच उडून जातील. दागिन्यांवर सव्वा लाखाचं सोनेतारण पण आहे.

ताई, प्लॉट आत्ता नकोच. जेठांचा हेतू चांगला आहे, पण भाजलेल्या माणसाची जखम भरली की खरं लांबचं काम तिथून सुरू होतं. व्रण कडक होतो, आकसतो, बोटं आत ओढली जातात, आणि व्यायाम सुटला तर मग पाण्याचा ग्लास पण धरता येत नाही आणि पुन्हा ऑपरेशन करून तो व्रण सोडवावा लागतो. म्हणून डॉक्टरांनी प्रेशर गारमेंट सांगितलंय ना, तो घट्ट हातमोजा, तो दिवसाचे जवळपास 23 तास घालायचा असतो, बऱ्याचदा वर्षभर किंवा जास्त, आणि ढिला पडला की नवा शिवून घ्यावा लागतो. दोन जोड लागतातच, एक धुतला की दुसरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो आणि लावलेल्या कातडीला नीट घाम येत नाही, तेव्हा तो मोजा माणूस काढून फेकतो. कूलर घ्या, ही चैन नाही, हा औषधाचाच खर्च समजा.

आता तुमचेच आकडे. फिजिओ 400 रुपये, महिन्याला 26 दिवस म्हणजे 10,400, जळगावला जाण्यायेण्याचे 3,000, आणि तुमच्या शिवणकामातून भागत नाही तो घरखर्च 14,000. झाले 27,400, वर्षाचे 3,28,800. प्लॉट घेतला तर हातात पन्नास हजार, त्यातूनच स्टॅम्प ड्युटी, म्हणजे दोन महिने पण निघणार नाहीत, आणि अडचणीत प्लॉट काढायला गेलं की गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं.

सोनेतारण मात्र आधी फेडा. एफडीवर मिळतं त्यापेक्षा तिथलं व्याज जास्त जातं, आणि सोनं घरी आलं की अडीनडीला परत ठेवता येतं. उरले पावणेपाच लाख. दोन-तीन महिन्यांचा खर्च बचत खात्यात, बाकीच्या पन्नास-पन्नास हजारांच्या एफडी, वेगवेगळ्या मुदतीच्या, म्हणजे एक मोडली तरी बाकीच्या शाबूत राहतात. बँकेतच ठेवा, पतसंस्था एखादा टक्का जास्त देते म्हणून जाऊ नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नाही, आणि जळगाव जिल्ह्यात ठेवी अडकलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही.

पुन्हा ऑपरेशन लागलं तर भरती व्हायच्या आधी महात्मा फुले योजनेच्या (सरकारी मोफत उपचार योजना) आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीसाला भेटा. पण रोजचा फिजिओ, मोजे, गाडीभाडं हे खिशातूनच धरून चला.

आणि एक, मालकाने "आता काही मागणी नाही" अशा कागदावर सही घेतली असेल तर घाबरू नका, कामगाराने हक्क सोडला असं लिहून घेतलं तरी कायद्यात ते टिकत नाही. नुसती जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना हंगामी धरतात, त्याला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू नसतो, म्हणून भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते, उपचाराच्या खर्चासकट. भरपाईचा दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं. सहा लाख कमी आहेत की बरोबर, ते वय, पगार आणि अपंगत्वाची टक्केवारी बघून ठरतं, त्यामुळे कामगार कायद्याचा वकील गाठा आणि फिजिओपासून मोज्यापर्यंत प्रत्येकाचं पक्कं बिल मागा, चिठ्ठीवर लिहिलेलं नको.

पुढच्या तपासणीला गेलात की डॉक्टरांकडून लेखी घ्या, व्यायाम किती महिने, प्लेट काढायची का, हाताचं दुसरं ऑपरेशन लागेल का. छताखाली दबल्यावर किडनीला मार बसू शकतो, ती तपासणी पुन्हा करायची का तेही विचारा. तो कागद जेठांनाही दाखवा, प्लॉटचं मग वर्षभराने बोलू.