लेगोला बाहेरची मोटर लावताय?
अरे बिनधास्त लाव, पण आधी माप बघ. दुसऱ्या कंपन्यांच्या विटा बहुतेक बसतात कारण विटांवरच्या गोल खुंट्यांमधलं 8 मिमीचं अंतर सगळ्यांचं सेमच, पकड मात्र कमीजास्त असते, म्हणून जिथे जोर येतो तिथे ओरिजिनलच वापर. आपल्याकडची ती पिवळी बीओ (बॅटरीवर चालणारी) मोटर स्वस्त आहे, पण तिचा शाफ्ट (फिरणारा दांडा) लेगोच्याच टेक्निक सिरीजच्या भागांमधल्या अधिकच्या चिन्हासारख्या (+) भोकात बसत नाही, दोन्ही जोडणारा कपलर थ्रीडी प्रिंट करून घे, गोंद नको प्लीज, वीट कायमची जाते. आणि मोटर डायरेक्ट आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) पिनला कधीच जोडू नकोस, पिन जळेल, मध्ये मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला लागणारा करंट देणारं सर्किट, हवाच. लेगोच्याच जुन्या पॉवर फंक्शन्स सिरीजची मोटर असेल तर केबलमधल्या चारपैकी मधल्या दोन वायर ड्रायव्हरला दे, 9 व्होल्टवर मस्त चालते.