मांजराच्या पिल्लाला पॅनल्यूकोपेनिया झालाय, पांढऱ्या पेशी १२०० आल्यात. वाचेल का?

आशा सोडू नका. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूमुळे होणारा मांजरांचा गंभीर आजार आहे, त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. जर्मनीतल्या २४४ मांजरांच्या एका अभ्यासात (२०१०) उपचार मिळालेली साधारण निम्मी मांजरं जगली.

रिपोर्टमध्ये तीन आकडे बघा. पांढऱ्या पेशी १००० च्या खाली (दर मायक्रोलिटर), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ३ g/dL च्या खाली, पोटॅशियम ४ mmol/L च्या खाली असेल तर धोका वाढतो. तुमचं पिल्लू १२०० वर आहे, म्हणजे अगदी काठावर. पण एकाच रिपोर्टवरून काही ठरवू नका. हा विषाणू अस्थिमज्जेवर (हाडांच्या आतला भाग, जिथे रक्तपेशी तयार होतात) हल्ला करतो, त्यामुळे पहिले काही दिवस पेशी घसरतातच. दोन दिवसांनी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) परत करा. आकडा चढू लागला तर ते खरं चांगलं लक्षण. पोटॅशियम कमी असेल तर ते सलाईनमधून भरून काढता येतं, डॉक्टरांना नक्की विचारा.

अंग गार पडणं, हाक मारली तरी मान न उचलणं ही वाईट चिन्हं. अशा वेळी सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. नुसता ताप असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याला वेगळं ठेवा आणि लसीबद्दल आजच विचारा. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा, साध्या फिनाईलवर विसंबू नका.