लोटाभर पाणी ओतलं की इंजिन पुन्हा का फिरतं?

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला. डबा, फुगा आणि सायकलचे स्पोक जोडून त्याने पऱ्हाटीच्या जाळावर फिरणारं इंजिन केलंय. ‘हे नवीन आहे, पेटंट घेतो, सीईटी देत नाही’ म्हणतो. काय करावं?

भाऊ, नमस्कार.

तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘पाच मिनिटांत थांबते, वरून लोटाभर पाणी ओतलं की पुन्हा फिरते.’ पोरगा जाळ वाढवत बसलाय, आणि दुखणं दुसरीकडेच आहे. डब्याची वरची बाजूही तापली की इंजिन थांबणारच. ते नुसत्या उष्णतेवर नाही, गरम आणि थंड यांच्यातल्या फरकावर चालतं. फ्रान्सचा अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्ये हेच मांडलं.

त्याला गणित घाला. खालची बाजू ६०० अंश सेल्सिअस, वरची २७. दोन्हींत २७३ मिळवले की केल्विनमध्ये ८७३ आणि ३००. दोन्हींतला फरक ५७३, त्याला ८७३ ने भागा. म्हणजे फार तर ६६ टक्के उष्णतेचं काम होईल. त्याच्या डब्यात त्यातलं चिमूटभरच. जाळाऐवजी ७० अंशांवर तापलेलं घरावरचं टिन वापरलं, तर ही मर्यादाच साडेबारा टक्क्यांवर येते. आपल्याकडे ऊन फुकट असून इंजिनं का चालत नाहीत, ते इथे कळतं.

असं गरम हवेचं इंजिन स्कॉटलंडचे पाद्री रॉबर्ट स्टर्लिंग यांनी १८१६ मध्येच पेटंट केलं. ऐकून पोरगा हिरमुसेल. हिरमुसू द्या एक दिवस. व्हिडिओ बघून केलं असेल तरी स्पोक वाकवून क्रँक (खालीवर हालचालीचं फिरणं करणारा दांडा) जमवणं खायचं काम नाही. पुढे एखादा भाग खरंच नवा निघाला, तर आधी पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे प्राथमिक अर्ज करायचा, मगच तो चारचौघांना दाखवायचा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

सीईटी मात्र द्यायचीच. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीला ती चालते. नागपूरच्या व्हीएनआयटीला जेईई मेन लागते. नातेवाईक कॉम्प्युटर म्हणतील, या पोराला मेकॅनिकलच द्या. गुण कमी पडले तर डिप्लोमा, तिथून थेट इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

परीक्षा झाली की यवतमाळला एखाद्या लेथवाल्याकडे महिनाभर बसवा. फुगा किती दिवस टिकणार? नीट बसणारा पिस्टन करायला शिकू दे. तोवर डब्याच्या वरच्या भागाला ओलं फडकं गुंडाळा आणि किती मिनिटं फिरतं ते मला कळवा.