घरी बांधलेल्या जीपचे हेडलाइट कुठं बसवले म्हणजे पासिंग होईल?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चेसिस आणि आरसी जुन्या जीपची, बॉडी गंजली म्हणून पत्रा आणून घरीच ठोकली, ग्रिलही नवीन केली. आता हेडलाइट किती उंचीवर आणि एकमेकांपासून किती लांब ठेवायचे ते कळेना. कुठल्याशा व्हिडिओत 500, 1200, 400, 600 असे आकडे ऐकलेत आणि पासिंग पुढच्या महिन्यावर आलीय.

आधी कडू ते सांगून टाकतो. चॅनल कापून गाडी शून्यातून उभी केली असेल, चेसिसला कंपनीचा नंबरच नसेल, तर सोन्याचे हेडलाइट लावले तरी पासिंग होत नाही. नव्या नमुन्याची गाडी केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे आधी तपासणी संस्थेकडं जावी लागते. आपल्याला जवळच्या म्हणजे अहिल्यानगरची व्हीआरडीई नाहीतर पुण्याची एआरएआय. एका गाडीपायी तो खटाटोप करणारा मला तरी अजून भेटलेला नाही. सांगलीकडच्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची भंगारातली छोटी जीप 2021 मध्ये देशभर गाजली, आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. पण ती जीप नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही महिंद्रांनीच तेव्हा लिहिलं होतं.

तुमच्याकडं आरसी आहे, म्हणजे तुम्ही त्यातले नाही. फक्त मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ध्यानात ठेवा, गाडी आरसीतल्या तपशिलाशी जुळली पाहिजे. म्हणून हेडलाइटला नवी जागा शोधायच्या फंदात पडू नका. जुनी ग्रिल भंगारात टाकली नसेल तर तिच्यावरूनच मापं उचला.

ते आकडे ब्रिटनमधले. तिकडं घरी बांधलेल्या गाडीचीही एकेकटी तपासणी होते. डिपरच्या काचेची खालची कड जमिनीपासून 500 मिलिमीटरच्या खाली नको, वरची 1200 च्या वर नको, बाहेरची कड गाडीच्या बाजूपासून 400 पेक्षा जास्त आत नको आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये निदान 600 अंतर हवं. माप वाईट नाही, उंचीला आपली जीप त्यात आरामात बसते. पण माझ्या पासिंगला साहेबानं टेप काढलीच नाही. गाडी भिंतीपुढं लावायला सांगितली आणि उजेड कुठं पडतो तेवढं बघितलं.

आपल्याकडचा नियम 106 सुद्धा तेच विचारतो. दिव्यापासून 8 मीटर पुढं, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाहेर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर माणसाचा डोळा आहे असं धरा. डिपरवर त्या डोळ्यात उजेड जाता कामा नये. समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरचाच तो डोळा.

मी इथंच आपटलो. वडिलांच्या जीपला मी भंगार बाजारातून दोन चकाचक दिवे आणले होते, काच एकदम स्वच्छ, स्वस्तात मिळाले म्हणून गावभर सांगत फिरलो. भिंतीवर डिपरचा उजेड पडला तर त्याची वरची रेघ डावीकडं सरळ आणि उजवीकडं वर चढलेली. साहेब म्हणाला, "हे उजव्या बाजूनं गाडी चालवणाऱ्या देशातले दिवे हायत, समोरच्याला आंधळं करायलात का?" आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या दिव्याचा उजेड डावीकडं, रस्त्याच्या कडेला वर चढायला हवा. हा दोष स्क्रू फिरवून जात नाही, तो काचेतच असतो. दिवे विकत घेताना दुकानातच बॅटरीला जोडून भिंतीवर बघा.

आता बसवण्याचं. घरी वाकवलेल्या पत्र्यावर भरवसा ठेवून मापं घेऊ नका. माझा डावा मडगार्ड उजव्यापेक्षा 12 मिलिमीटर वर निघाला आणि त्याच्यावरून घेतलेला दिवाही तेवढाच वर. गवंड्याकडून पाण्याची नळी आणि ओळंबा मागून आणा. चारही चाकं सपाटीवर आहेत का ते नळीनं तपासा, मग दोन्ही दिव्यांचे मध्य एका पातळीत घ्या. अंगणात अजिबात करू नका, आपली अंगणं मोरीकडं उतरती असतात. मी मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर केलं, निम्मं गाव सल्ला द्यायला जमलं. दिव्याची वाटी ग्रिलला वेल्डिंग करून टाकू नका, तिचे स्क्रू फिरायला मोकळे राहिले पाहिजेत.

हवा बरोबर भरा, टाकीत अर्धं डिझेल ठेवा, ड्रायव्हरच्या जागेवर कुणाला तरी बसवा. गाडी भिंतीपासून 5 मीटरवर उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखा. डिपरची रेघ त्या खुणेच्या 5 सेंटिमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे शंभराला एक असा उतार. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर पोतं टाका.

मागं माणसं बसली की काय होतं ते मात्र कुणी मोजत नाही. जुन्या सीजे-3बी जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 80 इंच, म्हणजे दोन मीटरला थोडं जास्त. मागं चौघं बसले आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे 5 सेंटिमीटर दबले तर गाडी जवळजवळ अडीच टक्के मागं झुकते. तुम्ही खाली ठेवलेला एक टक्का गेला आणि वर दीड टक्का उजेड आभाळाकडं. तुमचे पाटे थकले असतील तर आधी त्यात एखादं पान वाढवा, हेडलाइटचं नंतर बघा.

एलईडी बल्ब लावायचा मोह होईल. हॅलोजनच्या बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली छोटी टोपी असते, तिच्यामुळं ती रेघ उमटते. एलईडीचा ठिपका त्या तारेच्या जागी नेमका बसला नाही की उजेड चौफेर फुटतो. साधा 60/55 वॉटचा बल्ब लावा आणि अर्थची वायर थेट बॅटरीपर्यंत न्या. रेड ऑक्साइड मारलेल्या पत्र्यातून अर्थ नीट मिळत नाही, दिवा पिवळा पडतो आणि आपण बल्बला शिव्या देत बसतो.

आणि नंबर प्लेटवरचा दिवा. मागून 15 मीटरवरून नंबर वाचता आला पाहिजे. दुसऱ्या खेपेला हेडलाइट पास झाले आणि मी त्या पाच रुपयांच्या बल्बपायी परत घरी आलो.