मुदत ठेव मोडण्याआधी एक चाचणी

तुम्ही लिहिलंय: रक्तदानानंतर रक्तपेढीने हेपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ असल्याचं कळवलं, त्रास मात्र काहीच नाही. उपचारासाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडावी, की दोन वर्षांनी मुदत संपेपर्यंत थांबावं? आणि तोवर गुपचूप आरोग्यविमा काढावा का?

तूर्त ठेवीला हात लावू नका. पण दोन वर्षं थांबण्याचा विचारही सोडा.

‘रिअ‍ॅक्टिव्ह’ शेरा बहुधा अँटिबॉडी चाचणीचा असतो. विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच ती सांगते, आणि क्वचित तेही चुकतं. लागण झालेल्यांपैकी साधारण 30 टक्के लोकांचा विषाणू सहा महिन्यांत औषधाशिवाय निघून जातो. तेव्हा पहिला खर्च एचसीव्ही आरएनए चाचणीचा; विषाणू आत्ता रक्तात आहे का, ते ती सांगते. त्यात विषाणू सापडला नाही, तर डॉक्टरांना अहवाल दाखवा. ठेवीचा प्रश्न बहुतेक तिथेच मिटेल.

सापडला तर? ‘त्रास नाही’ हा थांबण्याचा आधार होऊ शकत नाही. या आजारात यकृत वर्षानुवर्षं मुकाट्याने खराब होत जातं. उपचार न घेतलेल्या 15 ते 30 टक्के रुग्णांना 20 वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कायमचं निबर होतं. लागण जुन्या रक्तसंक्रमणातून झाली, निर्जंतुक न केलेल्या सुईतून की गोंदणातून, हे तुम्हाला आठवत नाही. म्हणजे त्या 20 वर्षांतली किती सरली, तेही ठाऊक नाही. सिरॉसिस झाल्यावर विषाणू गेला तरी कर्करोगाच्या धास्तीने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी मागे लागते. दोन वर्षांच्या व्याजासाठी हा धोका पत्करणं मला तरी पटत नाही.

उपचाराचा खर्च निदान मोजका असतो. बहुतेकांना 8 ते 12 आठवडे गोळ्या पुरतात आणि 95 टक्क्यांहून अधिक बरे होतात. 2013 साली बाजारात आलेल्या सोफोसबुविर या हेपॅटायटिस सीवरच्या औषधाच्या तेव्हाच्या किमती इंटरनेटवर वाचून धसका घेतला असेल, तर जेनेरिकची चौकशी करा. त्याआधी सरकारी कार्यक्रमात औषध मोफत मिळतं का, ते विचारा. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जरूर जा. औषध कंपन्यांच्या मदत योजनांचे अर्ज भरून घ्यायला तिथली माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा तरबेज असतात.

एवढं करूनही पैसे कमी पडले, तर ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. या गोळ्यांची बाटली बहुधा 28 दिवसांची असते. 12 आठवड्यांच्या तीन बाटल्या, तशी तीनदा उचल करा; वापरलेल्या रकमेवरच व्याज पडेल. मात्र मर्यादा तिन्ही बाटल्यांना पुरेल एवढी आधीच मंजूर करून घ्या. उपचार मध्येच तुटता कामा नये. हेपॅटायटिस बीची चाचणीही गोळ्या सुरू करण्याआधीच हवी, तिचा खर्च याच अंदाजात धरा.

विम्याबद्दल स्पष्टच सांगतो: लपवू नका. रक्तपेढीचा कागद नंतर निघाला की दावा फेटाळला जाईल आणि हप्तेही वाया जातील. पत्नीचीही चाचणी करून घ्या. रेझर आणि टूथब्रश वेगळे ठेवा, एकत्र जेवायला हरकत नाही.

गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी होईल. तो अहवाल विम्याच्या फायलीत जपून ठेवा. बरं झाल्यावरही अँटिबॉडी चाचणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते, आणि विमा कंपनीला तेव्हा हाच कागद दाखवावा लागेल.