वाचकांचे प्रश्न : महापूर आणि दुकानाची पूर्वतयारी

प्रश्न : कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत आमचे धान्याचे घाऊक दुकान आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात माल भिजला. पुन्हा तशी वेळ आल्यास व्यवसाय बंद पडू नये म्हणून काय करावे?

उत्तर : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट आहे. धोका पातळीची वाट पाहत बसणे घाऊक व्यापाऱ्याला परवडणारे नाही, कारण त्या सुमारास टेम्पो आणि हमाल दोन्ही मिळेनासे होतात. म्हणून मागच्या दोन्ही महापुरांत तुमच्या दारात पाणी कोणत्या पातळीला आले, हे आठवून लिहून ठेवा आणि त्याच्या कितीतरी आधी, इशारा पातळीलाच, माल हलवायला लागा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की उंचावरील गोदामाशी केलेला करार हाताशी असावा. हा करार पावसाळ्यापूर्वीच, मे महिन्यात, लेखी झालेला बरा.

त्या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, हे बहुतेकजण विसरतात. दुकान कोरडे राहिले तरी माल येणार कुठून? त्यासाठी दुसऱ्या दिशेचा एखादा पुरवठादार आधीच जोडून ठेवावा.

विमापत्रात पुराचा धोका समाविष्ट आहे का आणि विम्याची रक्कम पावसाळ्यातील साठ्याइतकी आहे का, हे आजच तपासा. उधारीच्या वह्यांची छायाचित्रे घरच्या माणसाकडेही ठेवा; भिजलेल्या वहीवरून वसुली होत नाही.